वेगळी कुंडी

कबुतराचा घसा पाहायला जोर लागत नाही, सवय लागते. पाखरू डाव्या हातात घ्यायचं, पाय दोन बोटांच्या मध्ये धरायचे, उजव्या अंगठ्यानं अलगद चोच उघडायची आणि टॉर्चचा उजेड आत टाकायचा. निरोगी घसा गुलाबी आणि ओलसर असतो. आत पिवळा डाग दिसला, मग तो खसखशीच्या दाण्याएवढा का असेना, की ते पाखरू शर्यतीतून बाद. हे मी नागपुरातल्या निदान पन्नास माणसांना शिकवलं असेल. शिकवताना माझा आवाज चढतो, कारण मला मूर्खपणा सहन होत नाही. म्हणजे दुसऱ्यांचा.

मी केशव, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. आमच्या कबुतर मंडळात चौदा माणसं होती. हिवाळ्यात आम्ही शर्यती लावायचो. पाखरं करंडीत घालून रेल्वेनं लांब न्यायची, तिथून सोडायची, ज्याचं पाखरू आधी घरी परतेल तो जिंकला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे आपापली पाखरं घेऊन महालात भैयाजींच्या ओट्यावर जमायचे. भैयाजी मंडळाचे अध्यक्ष, कापडाचे दुकानदार, आणि ओटा त्यांचा म्हणून शब्दही त्यांचाच. तिथं मी एकेका पाखराचा घसा पाहायचो, पिसं फुंकून उवा पाहायचो, छातीचं हाड चाचपायचो, आणि पास झालेल्याच्या पंखावर दवाखान्यातला जांभळा शिक्का मारायचो. 'तपासले.' त्या शिक्क्याशिवाय पाखरू करंडीत जात नसे. करंडी एकच आणि पाण्याची कुंडीही एकच, त्यामुळे एक आजारी पाखरू आत गेलं तर बाकीच्यांचं काय होईल ते सांगायला नको.

पण माझ्या पाखराचा घसा कोण पाहणार? हा प्रश्न कोणाला कधी पडलाच नाही. खरं सांगायचं तर मलाही तो पडू द्यायचा नव्हता.

त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात पहिल्यांदाच गोंदियाहून शर्यत ठरली. तोवर आमची मजल रामटेकपर्यंतच होती. तीन वर्षं मी सगळ्यांची पाखरं तपासत होतो आणि तीन वर्षांत एकदाही जिंकलो नव्हतो. लोक हसायचे. वैद्याचीच पोरं रोगट, म्हणायचे. त्या वर्षी मात्र माझी पांढरी मादी अशी तयार झाली होती की हातात घेतली की मूठभर कापूस आणि आत दगड. मी तिला महिनाभर मोजून चारा दिला होता, ज्वारी, वाटाणा, थोडी करडई, आठवड्यातून एकदा लसणाचं पाणी. शिवाय तिची अंडी सतराव्या दिवसाला आली होती. अंडी फुटायच्या बेतात असली की मादी घरी यायला जिवाचं रान करते. सगळं जुळून आलं होतं.

शनिवारी दुपारी मी सहज तिची चोच उघडली. डाव्या बाजूला, जिभेच्या मागं, पिवळा डाग होता.

मी टॉर्च विझवला. पुन्हा लावला. डाग होताच. मग मी स्वतःला सांगितलं, वाटाण्याचं टरफल असेल. बावीस वर्षांच्या नोकरीत मला टरफल आणि डाग यातला फरक कळत नव्हता असं नाही. काडीला कापूस गुंडाळला, आयोडिनमध्ये बुडवला आणि डाग पुसला. तो निघाला. खाली बारीकसं रक्त आलं, तेही पुसलं. पांढरीनं मान हलवली आणि माझ्याकडं पाहिलं. पाखरं कोणाकडंही तशीच पाहतात, पण त्या दिवशी मी तिच्यावर खेकसलो.

संध्याकाळी भैयाजींच्या ओट्यावर मी तेरा जणांची पाखरं तपासली. वसंत मास्तरांचं एक पाखरू मी नाक वाहतंय म्हणून बाद केलं आणि वर त्यांना चार शब्द सुनावले. मग पिशवीतून पांढरी काढली आणि तिची चोच न उघडताच शिक्का मारला. कोणाचं लक्षही नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं, एवढंच त्याचं वर्णन.

आता नत्थूविषयी सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे.

नत्थू गिरणीत मागावर होता. राहायचा इंदोऱ्यात. छप्पन साली त्याच्या बापानं सगळ्या घरासकट दीक्षा घेतली, तेव्हा तो वीसेक वर्षांचा होता. मंडळात तो एकटाच त्या बाजूचा. पाखरं चांगली म्हणून भैयाजींनी त्याला घेतलं होतं, आणि 'आपण काही मानत नाही' हे ते त्याच्यासमोरच चार लोकांना सांगायचे. नत्थू ओट्यावर चढायचा नाही, पायरीवर बसायचा. त्याला कोणी चढू नको म्हटलं नव्हतं. ये असंही कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्या कोणीमध्ये मीही आलो.

त्याच्यासारखी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, मात्र चौदा जणांत कोणाची नव्हती. दर रविवारी चुना. खाली कोरडी वाळू. घरट्यात तंबाखूच्या काड्या, म्हणजे उवा होत नाहीत. कुंडी रोज उकळत्या पाण्यानं धुतलेली. मी जे जे शिकवलं ते सगळं नत्थूनं तंतोतंत केलं. मीसुद्धा तेवढं करत नव्हतो.

शर्यतीच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी साक्षीदार म्हणून दुसरा सभासद बसायचा, पाखरू उतरल्याची वेळ लिहायला. चिठ्ठ्या टाकल्या, तर मला नत्थूचं घर आलं.

रविवारी सकाळी मी इंदोऱ्यात पोचलो. नत्थूची बायको अंजनाबाईनं आधी पाणी दिलं, मग चहा. पाणी देताना तिचा हात जरासा थांबला. मी ग्लास घेतला आणि प्यालो, तेव्हा नत्थूचा चेहरा असा फुलला की मला बरं वाटलं. आपण किती मोठे, असं वाटलं. आमच्या घरी तो यायचा तेव्हा त्याचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला. ते मला त्या वेळी आठवलं नाही, नंतर आठवलं.

घराच्या मागं लाकडी माळ्यावर ढाबळ होती. त्याचा तांबडा नर शर्यतीत होता; आम्ही दोघं खाटेवर बसून पूर्वेकडं पाहत राहिलो.

"भाऊ," नत्थू म्हणाला, "तांबड्याचे दोन पिल्लं हायेत, सहा दिवसाचे. आनखी चार घरट्यात सात. या साली देवळ्या कमी पडून राहिल्या मले."

"हो का," मी म्हटलं.

दहा वाजून चार मिनिटांनी तांबडा आला. गोल फिरला नाही, पत्र्यावर रेंगाळला नाही, सरळ फळीवर उतरला. नत्थू ओरडला नाही. त्यानं फक्त माझा दंड धरला. मी वेळ लिहिली. मला तेव्हाच कळलं की आज तो जिंकलाय.

तांबडा आधी कुंडीवर गेला. चोच नाकापर्यंत बुडवून प्याला. मग घरट्यात शिरला. दोन्ही पिल्लं चिवचिवत उठली आणि त्यानं त्यांच्या चोची आपल्या चोचीत घेतल्या. कबुतरं पिल्लांना तशीच भरवतात, आपल्या घशातून त्यांच्या घशात.

काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत तांबडा आणि माझी पांढरी एकाच कुंडीतून पाणी प्याली होती. हे मला माहीत होतं. चौदा माणसांत फक्त मला माहीत होतं. 'नत्थू, त्याला पिल्लांपासून काढ, आणि ती कुंडी उपडी कर,' एवढंच म्हणायचं होतं. त्यानं का म्हणून विचारलं नसतं. मी सांगितलं म्हणून केलं असतं. पण मी काही बोललो नाही. बशीतला उरलेला चहा प्यालो.

"पहा भाऊ," नत्थू म्हणाला, "एवढं उडून आला, तरी आधी लेकराइले चारून राहिला."

माझी पांढरी तिसरी आली. आणि खरा पाजीपणा मी सोमवारी केला. दवाखान्यातून येताना माणसांच्या अमांशावरच्या कडू गोळ्या घेतल्या, कारण त्या या घशाच्या रोगावर रामबाण असतात, आणि पांढरीला पाच दिवस दिल्या. ती खडखडीत बरी झाली. त्याच सोमवारी मी सायकल काढून तेरा घरी गोळ्या वाटल्या असत्या तर एकही पिल्लू मेलं नसतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, कंपाउंडर, रोग आहे हे तुम्हाला कसं कळलं? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी घरी बसलो. रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या जाऊ. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर जेवताना घास उतरत नव्हता. बायकोनं, यमूनं, माझाच घसा पाहायचा हट्ट धरला.

"काहून हो, काही होऊन राहिलं का तुम्हाले?"

"काही नाही."

"मंग जेवा ना."

अकराव्या दिवशी नत्थू दवाखान्यात आला. गिरणीतून थेट आला असावा, केसांत कापसाचे धागे होते. त्यानं रुमाल उघडून माझ्या टेबलावर ठेवला. आत पिल्लू होतं. चोच अर्धवट उघडी, आणि आत घसा पिवळ्या चिकट गोळ्यानं बंद झालेला.

"सहावं हाये," तो म्हणाला. "पाणी उकळून देतो, भाऊ. चुना मारला. काय चुकलं माझं?"

मी त्याला गोळ्या दिल्या. कशा विरघळायच्या, किती दिवस द्यायच्या, सगळं नीट सांगितलं. त्यानं खिशातून वीत-दीड वीत सुतळी काढून पुडी बांधली आणि माझ्या पायाकडं वाकू लागला. मी त्याचे हात धरले. लोकांना वाटलं असेल काय नम्र माणूस आहे.

नऊच्या नऊ पिल्लं गेली. त्यानंतर चार दिवसांनी तांबडाही गेला. नत्थूनं मला तो दाखवायला आणला तेव्हा त्याच्या पंखावर माझा शिक्का अजून होता. 'तपासले.' बाकी सभासदांची दोन-चार पाखरं आजारी पडून बरी झाली, कारण त्या दिवसांत त्यांच्याकडं पिल्लंच नव्हती.

जानेवारीत भैयाजींच्या ओट्यावर बैठक झाली. मनोहरराव म्हणून एक सभासद होते, कचेरीत कारकून. त्यांनी विषय काढला.

"रोग कुठून आला हे उघड आहे. सगळ्यात जास्त पाखरं कोणाची मेली? तिकडे वस्तीत नाल्या उघड्या, गर्दी. मी कोणाला नावं ठेवून नाही राहिलो."

नत्थू पायरीवर होता. तो म्हणाला, "माझ्या घरामागं नाली नाही, साहेब. कंपाउंडर भाऊ येऊन गेले हायेत. त्याइले इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. ते नसतं जमलं तर निदान 'त्याची ढाबळ माझ्यापेक्षा स्वच्छ आहे' एवढं तरी सांगता आलं असतं. मी घसा खाकरला आणि शास्त्र सांगितलं.

"रोग कुठूनही येतो," मी म्हटलं. "पण ज्या ढाबळीत लागण जास्त झाली, तिथली पाखरं काही महिने इतरांत मिसळू नयेत, असा नियम आहे. वेगळी करंडी, वेगळी कुंडी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ढाबळ तेवढी चुकीची होती.

भैयाजींनी मान डोलावली. "शास्त्रच आहे ते. यात दुसरं काही नाही बरं का, नत्थू."

नत्थूनं पायरीवरून वर पाहिलं. मग म्हणाला, "माणसाच्या येगळ्या पाण्याचं माझ्या बापानं लय पाह्यलं. आता पाखराइलेबी." मग माझ्याकडं पाहून तो हसला, म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून हसला. "पन भाऊ म्हणते तं बरोबरच असन. रोग हाये तं ठेवाच लागन."

घरी गेल्यावर मी यमूला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर तिनं विळी बाजूला सारली.

"मले काहून सांगून राहिले? मी काय कबुतरं पाळते?"

पुढची शर्यत फेब्रुवारीत, पुन्हा गोंदियाहून. दीड महिना मी रोज इंदोऱ्याला जायचं ठरवलं आणि एकदाही गेलो नाही. शनिवारी संध्याकाळी नत्थू भैयाजींच्या ओट्यापाशी आला तो हातात दोन नवीन वस्तू घेऊन. बांबूची लहान करंडी, आणि मातीची नवी कोरी कुंडी. कोणाच्या कुंडीत मिसळू नये म्हणून तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं. अक्षर सुरेख होतं.

त्यानं दोन पाखरं आणली होती, तांबड्याची बहीण आणि एक काळा नर. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसून घसे पाहिले. दोन्ही गुलाबी आणि स्वच्छ. मी शिक्के मारले.

उठलो, तर मनोहरराव लोटा घेऊन उभे. "हात धुवून घ्या, कंपाउंडर. मग आमच्या पाखरांना हात लावा."

आणि त्यांनी वरून, लांबून, पाणी ओतायला सुरुवात केली. माझे हात आपोआप पुढं गेले. नत्थू खाली पायरीवर बसून माझ्या हातांवरून पडणारं पाणी पाहत होता. ते पाणी वाहत त्याच्या करंडीपर्यंत गेलं. त्यानं करंडी उचलून बाजूला ठेवली, कोणाला दोष न देता, जशी सवय असावी तशी.

मी हात मागं घेतले.

"रोग नत्थूचा नव्हता," मी म्हटलं. आवाज चढलाच, तो माझा चढतोच. "माझ्या पांढरीचा होता. डिसेंबरात शनिवारी दुपारी तिच्या घशात डाग पाहिला मी. पुसला, आणि शिक्का मारला. सगळ्यांच्या कुंडीत तो माझ्याकडून गेला."

मनोहररावांनी लोटा सरळ केला. मला वाटलं, आता शिव्या पडतील. मला त्या हव्या होत्या. मंडळातून काढतील, शिक्का काढून घेतील, निदान मनोहरराव तरी दोन शब्द बोलतील.

भैयाजी हसले. "अहो, होते असं एखाद वेळी. तुम्ही मनाला लावून घेता. जनावराचं काम आहे, नजरचूक होणारच."

"नजरचूक नव्हती. पाहून केलं."

"बरं, बरं. झालं ते झालं. आता गाडीची वेळ होऊन राहिली. तुमची पांढरी कुठं आहे? टाका तिला करंडीत."

वसंत मास्तरांनी माझ्या पिशवीतून पांढरी काढली आणि मोठ्या करंडीत, सगळ्यांच्या पाखरांत ठेवली. तिच्यासाठी वेगळी कुंडी आणा, असं एका माणसालाही सुचलं नाही. आपला तो बाब्या. मनोहरराव पाखरांची यादी लिहायला बसले होते.

नत्थू उठला. मी पायऱ्या उतरून त्याच्यासमोर गेलो. काय बोलायचं ते मी दोन महिने पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"शनिवारी दुपारी?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे रविवारी माझ्या घरी बसून होते, तवा मालूम होतं."

"हो."

"तांबड्यानं पिल्लाइले चारलं. तुमी पाह्यलं."

"पाहिलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "अंजना त्या दिवशी म्हणे, पाणी देऊ का नको देऊ, ते पितीन का. मी म्हटलं, दे वं, हा माणूस येगळा हाये."

मग त्यानं आपली करंडी उघडली. आधी काळा सोडला, मग तांबड्याची बहीण. दोघं भैयाजींच्या घरावरून वर गेली, एक चक्कर मारली आणि इंदोऱ्याच्या दिशेनं निघाली. त्यानं रिकामी करंडी बगलेत मारली. कुंडी पायरीवरच राहिली.

"नत्थू, कुंडी," मी म्हटलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "नेम तुमीच सांगतला. ज्याच्या ढाबळीत रोग, त्याची कुंडी येगळी."

तो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी उभा होतो. मग ओट्यावर गेलो, मोठी करंडी उघडली आणि पांढरीला बाहेर काढलं. भैयाजी काहीतरी म्हणत होते. जांभळा शिक्का मी त्यांच्या यादीवर ठेवला, कुंडी उचलली आणि घरी आलो. त्यानंतर मी कोणाचं पाखरू तपासलं नाही. इंदोऱ्याला दोनदा गेलो. दोन्ही वेळा अंजनाबाईनं दारातूनच सांगितलं की ते घरी नाहीत. वर ढाबळीतून नत्थूची शीळ ऐकू येत होती.

त्या शनिवारी संध्याकाळी यमूनं कुंडी पाहिली आणि विचारलं, "हे कोणाची आणली?"

"माझी आहे," मी म्हटलं.

तिनं नाव वाचलं आणि पुढं विचारलं नाही. मी कुंडीत पाणी भरलं आणि पांढरीला एकटीला तिच्यापुढं ठेवलं. ती चोच बुडवून प्याली. तहानलेली होती.